अकरा फोन

योजनेच्या बाई तीन वाजता येणार होत्या आणि मोठ्या वहिनीने एक वाजल्यापासूनच लाँड्री डोक्यावर घेतली होती. मागच्या खोलीत एरवी दवाखान्याच्या मळक्या चादरींचे गठ्ठे पडलेले असत. ते तिने बाहेर काढायला लावले, फरशी फिनेलने पुसून घेतली, टेबलावर कडक इस्त्रीचं पांढरं कापड घातलं. चार खुर्च्या मांडल्या. मग चार खुर्च्यांनी कोर्टासारखं वाटतंय म्हणून एक उचलली, आणि सासरे अण्णा कुठे बसणार म्हणून आणखी दोन आणून ठेवल्या.

"अहो, तुम्ही या खिडकीशी बसा," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी कशाला? चारला दवाखान्याची गाडी भरायचीय. तीनशे चादरी आहेत." थोरल्याने हातातली यादी तिच्यासमोर धरली.

"गाडी भरायला तुमचा भाऊ आहे. घरातला कर्ता माणूस जागेवर नसला तर त्या बाईंना वाटेल, पोरीला आम्ही वाऱ्यावर सोडलंय."

पोरगी चौतीस वर्षांची होती. दीड वर्षापूर्वी सरकारच्या 'सोबत योजने'तून ती या घरात आली, तेव्हा तिच्याकडे एक पाठीवरची पिशवी होती आणि तिच्यात दोन कपडे, एक पट्टी आणि नकाशे काढायच्या पेन्सिली. पहिल्या आठवड्यात सगळे तिला पाहुणी म्हणाले. नाव आठ दिवसांपुरतं ठेवलं होतं, चिकटलं ते कायमचं.

योजना तशी सरळ होती. लढाईतून जीव घेऊन आलेल्या माणसाला एका कुटुंबाशी जोडून द्यायचं. कुटुंबाने दीड वर्ष सोबत करायची. भाषेच्या वर्गाचा खर्च सरकारचा, माणूस कामाला लागला की अर्धा पगार सरकारचा. शेवटी योजनेच्या बाई घरी येऊन बघणार, हा माणूस आता स्वतःच्या पायावर उभा आहे का. असेल तर त्याला एका खोलीचं घर मिळायचं. नसेल तर आणखी सहा महिने सोबत.

मोठ्या वहिनीला ते सहा महिने हवे होते. त्यात आपलं काही चुकतंय असं तिच्या मनातही आलं नव्हतं. पाहुणी अजून दुकानात गेली की बोट दाखवून मागायची, अनोळखी माणसाने हाक मारली की दचकायची. अशा पोरीला एका खोलीत एकटं टाकायचं? आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. मोठ्या वहिनीची स्वतःची मुलगी चार वर्षांपूर्वी दूरच्या शहरात नोकरीला गेली होती आणि दर रविवारी सात मिनिटं फोनवर बोलायची. सात मिनिटांत आईपण कुठे संपतं? उरलेलं सगळं पाहुणीच्या वाट्याला आलं होतं.

म्हणून तर त्या फोनचं झालं. योजनेच्या ऑफिसातून दर दीड महिन्याला फोन यायचा, माणसाची खुशाली त्याच्याच तोंडून ऐकायला. पाहुणीकडे सुरुवातीला फोन नव्हता, म्हणून कागदावर नंबर मोठ्या वहिनीचा. पहिल्यांदा फोन वाजला तेव्हा पाहुणीने तो हातात घेतला आणि ती पांढरी पडली. तिच्या गावी शेवटचा जो फोन तिने उचलला होता, त्यावर तिचा भाऊ गेल्याचं कळलं होतं. मोठ्या वहिनीने फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "हो, मीच बोलतेय." आवाज जरा बारीक केला, एवढंच. पुढच्या वेळीही तसंच. असे अकरा फोन झाले. पाहुणीला ठाऊक होतं की वहिनी तिच्या वतीने बोलतात. काय बोलतात ते तिने विचारलं नाही आणि वहिनीला सांगण्यासारखं वाटलं नाही. मनातलं तेच तर सांगत होती ती. एकटीला भीती वाटते, इथेच बरं वाटतं, मला इथून हलवू नका.

फक्त ते मन वहिनीचं स्वतःचं होतं.

*

पुढच्या दालनात रोलर चालू होता. धाकटी जाऊ एका टोकाला, पाहुणी दुसऱ्या. ओली चादर दोघींनी दोन कोपऱ्यांत धरायची, ताणायची, तापलेल्या रोलरात सोडायची. पलीकडून ती कडक होऊन आली की पुन्हा कोपऱ्याला कोपरा. पाहुणीच्या हाताखालून गेलेल्या चादरीची कड सुतभरही सरकत नसे. तिकडे ती जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची. इथे आल्यावर तीच नजर चादरींच्या कामी आली.

"आज सांगणार ना?" धाकटीने रोलरच्या आवाजाखालून विचारलं.

"सांगणार."

"नक्की? की ऐन वेळी वहिनींकडे बघून तोंडाला कुलूप?"

पाहुणी हसली नाही. तिने चादर झटकली. "तीस तारखेला यादी बंद होते. आज पास झाले तर वडिलांना इथे आणायचा अर्ज घेतात. नाही झाले तर पुढचं वर्ष."

"माहीत आहे गं."

"छावणीत त्यांच्या तंबूशेजारी जी बाई आहे ना, तीच त्यांना जेवायला घालते. माझे निरोप वाचून दाखवते. त्यांना दिसत नाही आता. त्या बाईचे कागद आले. ती या महिन्याच्या शेवटी निघते."

हे मात्र धाकटीला माहीत नव्हतं. तिचा कोपरा हातातून सुटला आणि चादर वाकडी आत गेली. "हे वहिनींना का नाही सांगितलंस? अगं, त्यांनी स्वतः बसने जाऊन आणलं असतं तुझ्या वडिलांना."

"म्हणूनच," पाहुणी म्हणाली. "पहिले तीन महिने मला झोप लागायची नाही. वहिनी माझ्या शेजारी अंथरूण घालून झोपायच्या. मी ओरडले की दिवा लावायच्या. आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, मला इथून जायचंय? वडिलांचं सांगितलं की जायचंही सांगावं लागतं."

जायचंय हे या घरात सांगितलं की काय होतं, ते धाकटीने चार महिन्यांपूर्वी बघितलं होतं. जवळच दोन खोल्यांची जागा बघितली आहे, एवढंच ती जेवताना म्हणाली. मोठी वहिनी तीन दिवस तिच्याशी गोडच बोलत होती, पण ताटात वाढताना तिसऱ्याच माणसाला सांगावं तसं, "तिला विचारा, हवंय का." धाकटीच्या नवऱ्याने तेव्हापासून गाडीच्या फेऱ्या वाढवून घेतल्या. तो घरात असला तरी गाडीतच असायचा.

"मी तुझ्या बाजूने बोलेन," धाकटी म्हणाली.

"नको. तुम्ही बोललात तर त्यांना वाटेल तुम्हीच शिकवलं. मी बोलते."

*

बाई दोन मिनिटं आधीच आल्या. सर्दीने बेजार झालेल्या, काखेत कापडी पिशवी, तिच्यात जाडजूड फाइल. मोठ्या वहिनीने चहा-बिस्किटं पुढे केली, तेव्हा त्यांनी कप घेतला आणि बशी परत सरकवली. "नियमात चहा बसतो. बिस्किट बसत नाही."

थोरल्याला बाई आवडल्या. नियम पाळणाऱ्या माणसांशी त्याचं जमायचं. खिडकीशी बसून तो अर्धा कान रोलरकडे ठेवून होता. रोलर बंद होता, म्हणजे चारची गाडी चुकणार. पाहुणी गेली तर रोज चारची गाडी चुकणार, हेही त्याच्या डोक्यात होतं. तिच्यासारखा हात तीस वर्षांत मिळाला नव्हता, आणि या हाताचा अर्धा पगार सरकार देत होतं. ही गोष्ट त्याने बायकोसमोर कधी काढली नव्हती. पण सहा महिने वाढले तर त्याला दुःख होणार नव्हतं, हे तो स्वतःशी कबूल करून बसला होता.

"सकाळपासूनचा तुमचा दिवस सांगा," बाई पाहुणीला म्हणाल्या.

"पाचला उठते हो," मोठी वहिनी म्हणाली. "मी म्हणते, झोप जरा, तर नाही. मग मीच चहा..."

"त्यांना सांगू दे."

"सांगू दे ना, मी कुठे अडवतेय? सांग गं. घाबरू नको. मॅडम आपल्याच आहेत."

पाहुणीने सांगितलं. पाचला उठते, सहाला रोलर तापवते, बाराला वर्ग. वाक्यं लहान होती पण चुकत नव्हती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर अण्णा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. दाराशी धाकटी उभी. बाईंनी दोन पानं भरली, नाक पुसलं आणि फाइल मागे उलगडली.

"आता मुख्य प्रश्न. स्वतंत्र राहायची तयारी. तुम्ही काय म्हणता?"

पाहुणीने मान वर केली. तोंड उघडलं. पण बाई अजून वाचतच होत्या. "म्हणजे, फोनवर तुम्ही वेळोवेळी स्पष्टच सांगितलंय, म्हणून फार विचारत नाही. चौथा महिना. 'एकटीने राहायच्या विचारानेच माझ्या पोटात गोळा येतो.' सहावा. 'मला वेगळी खोली नको, मी इथेच सुखात आहे.' नववा. 'मला इथून हलवलंत तर मी मोडून पडेन.' मागच्या महिन्यात तर तुम्ही रडलात फोनवर. हे सगळं तुमचंच म्हणणं ना?"

थोरल्याने बायकोकडे बघितलं. तिच्या मानेवर लाली चढत होती. बत्तीस वर्षांच्या संसारात तिचा चेहरा त्याला पाठ होता, आणि त्याला क्षणात सगळं समजलं. टेबलाखालून त्याने तिच्या पायावर पाय दाबला. गप्प राहा. दुसऱ्याच्या नावाने सरकारी फोनवर बोलायचं म्हणजे काय, ते त्याला कळत होतं. दवाखाना सरकारी, चादरी सरकारी, सगळं पोट त्या चादरींवर.

पाहुणीही मोठ्या वहिनीकडे बघत होती. रागाने नाही. हिशोब लागत नसलेल्या नकाशाकडे बघावं तशी. मग तिलाही उलगडलं असावं, कारण तिने मान खाली घातली.

"हो," ती म्हणाली. "मीच म्हणाले होते."

"मग आज तुमचं मत तेच?"

पाहुणीने टेबलावरच्या कापडाची घडी बोटाने सरळ केली.

"ठीक आहे. असं काही लाजायचं कारण नाही, पुष्कळांना वेळ लागतो." बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "सहा महिने वाढवून देते."

"थांबा!" धाकटी दारातून आत आली. "मॅडम, लिहू नका. तिचे वडील आहेत तिकडे छावणीत. आज ती पास नाही झाली तर त्यांचा अर्ज पुढच्या वर्षावर जातो. त्यांना दिसत नाही. जी बाई त्यांना जेवायला घालते ती महिनाअखेर निघून चाललीय."

"तू मध्ये पडू नको," मोठी वहिनी एकदम उसळली. मघापासून कोंडलेलं सगळं तिला सापडलेल्या पहिल्या वाटेने बाहेर आलं. "तुला स्वतःला वेगळं व्हायचंय म्हणून तिच्या डोक्यात भरवतेस. वडिलांच्या अर्जाचं आणि घराचं काय? अर्ज काय इथून होत नाही?"

"नाही होत," बाई म्हणाल्या. "स्वावलंबी असल्याचा दाखला लागतो. पहिल्या दिवशी दिलेल्या माहितीपत्रकात आहे. पान सात."

मोठ्या वहिनीने ते पत्रक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कपाटात अगदी नीट जपून ठेवलं होतं. वाचलं नव्हतं.

"अगं पण मला सांगायचं नाही का?" ती पाहुणीकडे वळली आणि तिचा आवाज फाटला. "मी परकी आहे का?"

"झालं ते झालं," थोरला घाईने म्हणाला. "सहा महिनेच आहेत. मॅडम काहीतरी मार्ग काढतील. आता हा विषय..."

"हा विषय आत्ताच काढायचा," कोपऱ्यातून अण्णा म्हणाले.

*

अण्णा हल्ली बोलत नसत. लाँड्री त्यांनी उभी केली, शून्यातून उभी केली, असं घरात सगळे सांगत आणि ते मान डोलवत. चौसष्ट वर्षांपूर्वी तेही असेच अंगावरच्या कपड्यांनिशी या शहरात आले होते. तेव्हा योजना नव्हती, बाई नव्हत्या, फाइल नव्हती. पाहुणीला घरात घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनीच सगळ्यांत जास्त नाक मुरडलं होतं. आम्हाला कोणी दिली होती सोबत? असं म्हणाले होते ते. ते म्हणणं खोटं होतं, आणि खोटं आहे हे फक्त त्यांनाच माहीत होतं.

"मला सोबत मिळाली होती," ते म्हणाले. "तुम्हाला कधी सांगितलं नाही. इथून तीन रस्ते पलीकडे एक लाँड्री होती. मालकाने मला दारातून आत घेतलं. गाठोड्यांवर झोपायचो. माझं जेवण, माझे कपडे, माझं आजारपण, सगळं त्याने केलं. नऊ वर्षं."

"अण्णा, हे आत्ता..." थोरला म्हणाला.

"ऐक. भला माणूस होता. देवमाणूसच म्हण. कोणी दुकानात आलं की माझ्या आधी तोच उत्तर द्यायचा. कचेरीत माझे कागद तोच न्यायचा. दर वर्षी मी म्हणायचो, आता मी माझं बघतो, आणि दर वर्षी तो म्हणायचा, तुला बाहेरचं काय कळतंय, अजून थोडा थांब. त्याचं प्रेम होतं रे माझ्यावर. त्याच्यापुढे तोंड उघडायची सोयच नव्हती. एका सकाळी मी त्याच्या इस्त्र्या पुसून ओळीने लावून ठेवल्या आणि निघून आलो. न सांगता."

पाहुणी त्यांच्याकडे बघत होती. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

"नंतर?" धाकटीने विचारलं.

"नंतर काय. वीस वर्षं मी त्या रस्त्याने गेलो नाही. लांबून वळसा घालून जायचो. तो गेल्याचं मला दवाखान्यातल्या माणसाकडून कळलं. शेवटी विचारत होता म्हणे, त्या पोराचं काय झालं." अण्णांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. डोळे पुसायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "सूनबाई, तू त्याच्याइतकीच चांगली आहेस."

हे वाक्य मोठ्या वहिनीला कुठे लागलं ते अण्णांना दिसलं. तिला लागावं म्हणूनच ते म्हणाले होते, आणि लागल्यावर त्यांना वाईटही वाटलं. या घरात त्यांच्या म्हातारपणाची उठाठेव तीच करत होती.

मोठी वहिनी उभी राहिली. तिचे हात टेबलावरचं कापड सारखं करत होते.

"मॅडम, ते फोन मी घेतले होते," ती म्हणाली. "अकराच्या अकरा. आवाज माझा, बोलणंही माझं. तिने त्यातलं काही म्हटलेलं नाही. आत्ता 'हो' म्हणाली ती मला वाचवायला."

"भावनेच्या भरात ती..." थोरल्याने सुरुवात केली.

"गप्प बसा हो. सगळं शुद्धीवर केलंय मी."

बाईंनी नाक पुसायला बराच वेळ घेतला. "मला सहाव्या महिन्यापासून वाटत होतं काहीतरी," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांत इतकं भराभर बोलायला शिकलेला माणूस मी पाहिला नाही. विचारायला हवं होतं. माझ्याकडे दोनशे दहा फाइली आहेत, पण ते काही कारण नाही."

"मला काय शिक्षा होईल?"

"तुम्ही हे सगळं लिहून द्यायचं. मी वर पाठवीन. तुमचं घर सोबती कुटुंबांच्या यादीतून निघेल. पुन्हा तुमच्याकडे कोणाला पाठवता येणार नाही." बाई थांबल्या. "त्यापलीकडे जाऊ नये असं मी माझ्या शेऱ्यात लिहीन. ऐकतील असं वाटतं, सांगता येत नाही."

"आणि तिचं?"

"फोनच्या नोंदी रद्द. मग उरतं फक्त आजचं. सगळी मुलाखत पहिल्यापासून घ्यावी लागेल, दोन तास तरी. आणि खोलीत फक्त त्या आणि मी."

सगळ्यांनी पाहुणीकडे बघितलं. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, कापडाच्या घडीवर, बोटं सरळ.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही बाहेर जा. मी बोलते."

या घरात लग्न होऊन आल्यापासून मोठ्या वहिनीला कोणी बाहेर जा म्हटलं नव्हतं. ती गेली. अण्णांना हाताला धरून घेऊन गेली.

*

चारची गाडी चुकली. थोरल्याने दवाखान्यात फोन करून माफी मागितली आणि कपाळाला आठ्या घालून रोलर चालू केला. बायकोकडे न बघता म्हणाला, "पायावर पाय दिला होता ना मी तुझ्या?"

"जोरात दिला होतात. अजून दुखतोय." मग म्हणाली, "चादरी जातील का हो आपल्या?"

"गेल्या तर हॉटेलांच्या बघू," तो म्हणाला, आणि उरलेल्या गठ्ठ्याकडे निघून गेला.

पाहुणीच्या जागी मोठी वहिनी उभी राहिली. समोर धाकटी. दोघींनी एक चादर सोडली, दुसरी सोडली. मागच्या खोलीच्या दाराला वरच्या अंगाला काच होती. तिच्यातून पाहुणीचं डोकं दिसायचं, आवाज यायचा नाही. मोठी वहिनी दर चादरीला टाचा उंचावून बघायची.

"हात हलवतेय बघ. म्हणजे तिला शब्द सापडत नाहीये."

"सापडेल."

"त्या बाईंना सर्दी, निम्मं ऐकू येत नसेल. मी फक्त जाऊन..."

"वहिनी."

"नाही जात गं." तिने कोपऱ्याला कोपरा लावला. तो जुळला नाही. पुन्हा लावला. "तुम्हा सगळ्यांचा जीव घुसमटतो का माझ्यामुळे?"

धाकटीने चटकन नाही म्हटलं नाही, आणि ते मोठ्या वहिनीला समजलं.

"ते दोन खोल्यांचं अजून बघताय का?"

"हो."

"मला का नाही दाखवलंस?"

"तुम्ही पडदे ठरवून आला असतात."

मोठ्या वहिनीला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि ते थांबेना. चादरीलाच तोंड पुसावं तर ती दवाखान्याची धुतलेली. धाकटीने आपल्या ओढणीचं टोक पुढे केलं. तीन वर्षांत दोघी जावा एकमेकींच्या इतक्या जवळ उभ्या राहिल्या नव्हत्या.

पावणेसहाला दार उघडलं. बाईंच्या हातात कागद होता, पाहुणीच्या चेहऱ्यावर घाम होता.

"दाखला देते आहे," बाई म्हणाल्या. "त्यांच्या वडिलांचा अर्ज उद्या सकाळी हवा. त्या स्वतः आणून देतील."

मोठी वहिनी पुढे झाली. कुठली बस, कुठला मजला, कागदांच्या किती प्रती, हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. पाहुणी जवळ आली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली. बराच वेळ. मोठ्या वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग टेबलाशी बसून तिने कबुलीजबाब लिहिला. दोन पानं झाली. बाईंनी अर्ध्या पानाची जागा ठेवली होती.

*

पुढच्या महिन्यात पाहुणी राहायला गेली. एक खोली, तिसरा मजला. कामाला मात्र रोज सहाला येऊन रोलर तापवायची. सोबती कुटुंबांच्या यादीतून नाव काढल्याचं पत्र आलं, ते मोठ्या वहिनीने थोरल्याला दाखवलं आणि कपाटात ठेवलं, या वेळी पूर्ण वाचून. दवाखान्याकडून काही आलं नाही. तंबूशेजारची बाई निघून गेली होती. आता वडिलांना कोण जेवायला घालतं, हे पाहुणीला नीट कळत नव्हतं. ती विचारायची, तिकडून उलटसुलट निरोप यायचे. घरात कोणीही मोठ्याने अर्जाचा विषय काढत नसे.

एका सकाळी अकराच्या सुमाराला मोठ्या वहिनीचा फोन वाजला. ऑफिसचा नंबर तिला पाठ होता. आवाज नवीन होता, कोणी तरुण मुलगा.

"सोबत योजनेतून बोलतोय. तुमच्या वडिलांच्या अर्जाबद्दल. तुम्हीच बोलताय ना?"

काउंटरमागच्या काचेच्या दारापलीकडे पाहुणी आणि धाकटी रोलरला उभ्या होत्या. मोठ्या वहिनीच्या तोंडात 'हो' तयार होता. दीड वर्ष तोच होता. बातमी काय आहे ते आधी आपण ऐकावं, वाईट असेल तर आधी आपण गिळावं, मग तिला जवळ बसवून हळूच सांगावं. तिचा हात फोनवर आवळला.

"नाही," ती म्हणाली. "मी ती नाही. तिचा नंबर बदललाय. तुमच्याकडे चढवायचा राहिला असेल. लिहून घ्या."

"तुम्ही घरच्याच ना? निरोप दिलात तरी चालेल. मी सांगतो, त्यांच्या वडिलांचं..."

"मला सांगू नका!" ती इतक्या जोरात ओरडली की काउंटरवरचं गिऱ्हाईक मागे सरलं. "नंबर घ्या."

तिने नंबर दोनदा सांगितला. त्याच्याकडून एकदा म्हणवून घेतला. फोन ठेवला, आत गेली आणि रोलरचं बटण बंद केलं. चादर अर्धी आत, अर्धी बाहेर राहिली.

"अगं, करपेल ती!" थोरला गठ्ठ्यामागून ओरडला.

"करपू दे. आवाज नको."

पाहुणीच्या खिशातला फोन वाजायला लागला. तिने तो बाहेर काढला. नंबर बघितला आणि तशीच हातात धरून उभी राहिली, पांढरी, पहिल्या फोनच्या वेळी होती तशी. तिने मोठ्या वहिनीकडे बघितलं. फोन वाजतच होता. मोठ्या वहिनीने आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि घट्ट धरले. मग तिने धाकटीला मानेने बाहेर चल म्हणून खुणावलं, थोरल्याला दंडाला धरून काढलं, आणि जाताना दार ओढून घेतलं.

वाजणं थांबलं. काचेतून पाहुणीची पाठ दिसत होती, फोन कानाला, दुसरा हात गरम रोलरच्या कठड्यावर. ती काहीतरी बोलत होती. थांबून ऐकत होती. पुन्हा बोलत होती.

"काय झालं?" धाकटी कुजबुजली. "काय म्हणतायत? आले का वडील?"

"मला काय माहीत," मोठी वहिनी म्हणाली. "तिचा फोन आहे."